चौथं बटण

मार्गिलान शहरातल्या रेशीम कारखान्यात रोज सकाळची वीस मिनिटं फाटकापाशीच जायची. येणारा प्रत्येक जण छातीवर हात ठेवून दुसऱ्याला विचारणार, "घरी सगळे बरे ना? पोरं? म्हातारी? गाय व्याली का?" नवी व्यवस्थापक मोहिरा या चौकशांना विटली होती. तिने फाटकावर चेहरा ओळखणारं यंत्र बसवलं आणि रजेचे अर्ज फोनवर आणले. महिन्याभरात माग ठरल्या वेळी खडखडू लागले. फाटकापाशी कोणी रेंगाळेना.

दोन महिन्यांनी हजेरी पाहिली तर सगळ्यांत वक्तशीर निघाले म्हातारे विणकर तुर्सुनअली. मोहिराने त्यांना बोलावून स्वतःच्या हाताने मानाचा झगा त्यांच्या खांद्यावर घातला.

"अका," ती थोरल्या भावाला म्हणतात तसं म्हणाली, "एक दिवसही उशीर नाही. तरण्यांना लाजवलंत."

"घरात चहा करून थांबवून घेणारं कोणी उरलं नाही, पोरी. मग येतो लवकर." त्यांनी झग्याची बाही सारखी केली. "उद्या बायकोचा चाळिसावा दिवस आहे. तेवढी सुट्टी दे."

मोहिराने विचारलं, "काकू गेल्या? अका, एवढं होऊन तुम्ही बोलला नाहीत?"

"कोणी विचारलं नाही, मग आपण होऊन काय सांगायचं? आणि तुला कळवलं होतं की. फोनवर चार बटणं होती. आजारपण, लग्न, प्रवास आणि इतर. मी 'इतर'वर बोट ठेवलं. तू लगेच मंजूर केलंस."