नव्या नाकाची फुकट सोय

जागृती वैतीने कोळंबीची टोपली दवाखान्याच्या काचेच्या टेबलावर आदळली.

"वीस वर्षं वासावर मासळी घेतेय मी, डॉक्टर! तुमचं लॅबमध्ये वाढवलेलं नाक बसवलं, आणि तीन दिवसांपूर्वी सडकी कोळंबी विकून बसले. जुन्या गिऱ्हाइकाचं पोर सलाइनवर आहे!"

"अहो ताई, आमच्या सगळ्याच नाकांत घाणेरडे वास बंद असतात. फुकट सोय आहे ती. फॉर्मच्या शेवटच्या पानावर लिहिलंय."

"मी नाक सरळ करायला सांगितलं होतं. वास बंद करा म्हणून कोणी सांगितलं तुम्हाला? एका शब्दाने विचारलंत?"

"पण आजवर कुणाचीच तक्रार नाही," म्हणत डॉक्टरांनी आपल्या रेखीव नाकावरचा चष्मा नीट केला. काउंटरवरच्या दोघी मुलीही तशाच रेखीव नाकांनी हसल्या.

जागृतीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने टोपलीवरचं फडकं ओढून काढलं.

"ही त्यातलीच उरलेली कोळंबी. घ्या वास!"

डॉक्टर टोपलीवर वाकले, पार नाक टेकेपर्यंत, आणि हसतच राहिले.

मागे बाकावर नाक बदलायला आलेली एक मुलगी बसली होती. तिने ओढणी तोंडावर दाबली, भरलेला फॉर्म तिथेच टाकला आणि ओकारी आवरत दाराकडे धाव घेतली.