पाद्रीणबाईंचा नकार

“सगळ्यांकडे आहे,” आर्गिरिस म्हणाला आणि मसुराच्या वाटीत चमचा तसाच धरून बसला.

“सगळे म्हणजे कोण?” क्रिसान्थीनं विचारलं.

“सगळे म्हणजे सगळे. मी सोडून.”

विषय ‘काळी तुकडी’ नावाच्या व्हिडिओ गेमचा होता. खोक्यावर लाल रंगात ठळक अठरा लिहिलेलं, आणि आर्गिरिसला येत्या जूनमध्ये अकरा वर्षं पूर्ण होणार होती. पहिल्या मिनिटातच पडद्यावर तीन माणसं मरतात, हे क्रिसान्थीनं स्वतः पाहून घेतलं होतं. चौथं मरायच्या आत तिनं ते बंद केलं आणि निकाल दिला : सोळा पूर्ण होईपर्यंत नाही.

त्याला आता चार महिने झाले होते.

“बाबांना विचारलंस?”

“बाबा म्हणतात, आईला विचार.”

त्याचे बाबा, फादर अनेस्तिस, खाली मान घालून पाव बुडवत होते. कावाला या ग्रीक बंदरातल्या अर्ध्या वस्तीची पापं ते न कंटाळता ऐकून घेत, पण घरातल्या भांडणात मात्र त्यांना ऐकूच येत नसे.

क्रिसान्थीला गेमपेक्षा टोचत होतं ते वेगळंच. शाळेच्या फाटकातून तिनं दोनदा पाहिलं होतं. मधल्या सुट्टीत पोरगा गोलच्या खांबाला टेकून एकटा उभा. मुलांचा घोळका यायचा, काहीतरी विचारायचा. हा हनुवटी वर करून नाही म्हणायचा. घोळका “श्शी!” करून निघून जायचा.

संध्याकाळी फोन यायचे. रोज वेगळा मुलगा. ती दाराआडून ऐकायची.

“नाही रे, अजून नाही… हो, रडूनपण पाहिलं… ताप आलाय म्हणू? बरं.”

“चिडवतात का रे तुला?” तिनं एकदा जवळ घेऊन विचारलं.

आर्गिरिसनं थोडा विचार केला. “मागे लागतात,” तो म्हणाला.

शेवटी ती लेमोनियाच्या केशकर्तनालयात गेली. लेमोनियाचा पावलोस आर्गिरिसच्याच वर्गात होता.

“लेमोनिया, खरं सांग. पावलोस तो गेम खेळतो?”

“छे हो, पाद्रीणबाई! आमच्या घरात असलं काही चालत नाही.”

“नक्की?”

“शपथ! तुमच्याकडे?”

“आमच्याकडेही नाही.”

“मग झालं तर!” लेमोनियाचा चेहरा एकदम उजळला.

आणखी चार आयांनी अगदी हेच सांगितलं. क्रिसान्थी हसून घरी आली. बारा वर्षं ती पाद्रीण, म्हणजे पाद्रीबाबांची बायको होती. ईस्टरआधीच्या उपासांत तिला भेटणारी प्रत्येक बाई नुसत्या मसुरावर आणि ऑलिव्हवर जगत असे, आणि प्रत्येकीच्या जिन्यात भाजलेल्या मांसाचा घमघमाट असे. पाद्रीणबाईंना खरं कुणी सांगत नाही, चांगलं तेवढं सांगतात. म्हणजे पावलोसकडे आहे. सगळ्यांकडेच आहे.

त्या रविवारी आर्गिरिस बोटं मोजत स्वयंपाकघरात आला.

“आई, सोळा व्हायला अजून पाच उन्हाळे आणि वर दोन महिने. तोवर मी खांबापाशीच उभा राहू?”

तो रडत नव्हता. खरंच विचारत होता. क्रिसान्थीनं कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळे पुसायला निमित्त झालं.

दुसऱ्या दिवशी प्रोद्रोमोसचा फोन आला. हा आर्गिरिसचा धर्मपिता, थासोस बेटाच्या बोटीवर कप्तान. ईस्टरला धर्मपित्यानं मुलाला मेणबत्ती द्यायची आणि तिला भेट बांधायची.

“वहिनी, यंदा काय बांधू? पुन्हा चेंडूच का?”

“काळी तुकडी,” ती पुटपुटली.

बोटीचा भोंगा वाजला. “काय म्हणालात?”

“काळी तुकडी! गेम आहे, गेम!”

“आयला! आणि लोक म्हणतात पाद्रीणबाई कडक!”

“कडकच आहे. दिवसाला अर्धा तास, तोही माझ्यासमोर बसून,” तिनं सांगितलं. मुलालाही तेच बजावलं. त्यानं इतकी घट्ट मिठी मारली की तिला वाटलं, उगीच चार महिने ताणलं आपण.

शनिवारच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेत पोरं पेंगतात, म्हणून त्यांच्या चर्चमध्ये मुलांच्या मेणबत्त्या रविवारी दुपारी पेटत. पेटेपर्यंत भेट सोडायची नाही, असा दंडक. प्रोद्रोमोसनं खोकं चांगल्या दोन बोटं रुंद रिबिनीनं बांधलं होतं. लाल अठरा बरोबर समोर. क्रिसान्थीनं मन घट्ट केलं. चौदा मुलांत चौदा खोकी, आपलं कुणाच्या लक्षात येतंय!

अंगणात तिनं मान वर केली.

पावलोसच्या मेणबत्तीला चेंडू होता. शेजारच्याच्या मेणबत्तीलाही चेंडू. मग रंगपेटी. चाकांचे बूट. चेंडू. पतंग. पुन्हा चेंडू. तिनं दोनदा नजर फिरवली. बंदूकवालं, रक्ताचे शिंतोडे उडालेलं, लाल अठराचं खोकं अख्ख्या अंगणात एकच होतं, आणि ते पाद्रीबाबांच्या मुलाच्या हातात.

फादर अनेस्तिस पांढऱ्या झग्यात दारात आले. “ख्रिस्त उठला—” त्यांनी सुरुवात केली, आणि खोकं दिसताच तिथंच थांबले.

सगळ्या आया क्रिसान्थीकडे बघत होत्या. लेमोनियाचा हात तोंडावर गेला होता. क्रिसान्थीला वाटलं, आता आपला मुलगा जन्मभर खांबापाशी.

आणि एकदम आरोळी उठली. मुलांनी आर्गिरिसला खांद्यावर घेतलं, मेणबत्तीसकट नाचवलं, खाली ठेवलं आणि तेराच्या तेरा जण आपापल्या आईकडे धावत सुटले. पावलोस सगळ्यांत पुढे. त्यानं लेमोनियाची बाही धरून ओढली.

“मिळाला त्याला! आता बोल! ‘पाद्रीणबाई ज्या दिवशी घेऊन देतील, त्या दिवशी तुलाही’, असंच म्हणाली होतीस ना?”