राणीचा चेहरा

चाचणीचा शॉट पास झाला तर शंतनूला पुण्याच्या गेम कंपनीत नोकरी, आणि उस्मानपुऱ्यातल्या आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या नळापासून मनस्विनीची कायमची सुटका. हिशेब दोघांच्याही फायद्याचा होता. राजा गेल्याचा निरोप ऐकणाऱ्या राणीचा चेहरा तेवढा जमवायचा होता. बायकोचे हावभाव मोबाइलवर टिपायचे आणि गेममधल्या राणीच्या चेहऱ्यावर चढवायचे, ही त्याची नेहमीची रीत. पण मनस्विनी रडायची ते अगदी नाटकी. म्हणून रेकॉर्डिंग चालू ठेवून तो सहज म्हणाला, "पुण्याचं फिसकटलं गं. आता इथंच, टँकरच्या मागं पळायचं."

"असू दे रे. पाण्याचं काय, आईकडून आणीन दोन घागरी."

त्या शॉटवर कंपनीचं उत्तर आलं: राणी खूश दिसतेय. उद्या शेवटची संधी.

ते रेकॉर्डिंग शंतनूनं थांबवत थांबवत पाहिलं. मग मोबाइल पुन्हा तिच्यासमोर ठेवला.

"अगं, चेष्टा केली होती. पुण्याचं जमलंय."

या वेळी राणीच्या चेहऱ्यात काहीच दुरुस्त करावं लागलं नाही. शॉट पास झाला. नोकरी लागली शंतनूला, उस्मानपुरा सुटला मनस्विनीचा.