लेकीच्या नावाचं डोमेन

निमियाच्या पोटातल्या लेकीचं नाव ठरताच तिच्या नवऱ्यानं, एवेलिओनं, 'अरामीचा पाळणा' हे डोमेन विकत घेऊन साइट सुरू केली. तिथं तो पाळण्यांबद्दल लिहायचा. वाचून कुणी दुकानातून पाळणा मागवला, की दुकान त्याला कमिशन द्यायचं. अरामी जन्मली, अकराव्या दिवशी गेली. साइट चालत राहिली. "बंद कर ती," निमिया दरवर्षी म्हणायची. "मग खायचं काय गं?" तो तेरेरे या गार पेयाचा पेला तिच्यापुढे सरकवायचा. सहाव्या वर्षी, तो एन्कार्नासिओन शहरात गेला असताना, साइट बंद करायलाच तिनं संगणक उघडला. साइटवर एका गरोदर बाईनं विचारलं होतं, "तुमची अरामी कुठल्या पाळण्यात झोपायची?" खाली अशाच बायकांची जुनी पत्रं होती. एवेलिओनं प्रत्येकीला उत्तर दिलं होतं: अरामीला दात येताहेत. अरामी चालायला लागली. अरामी शाळेत रडली नाही. निमियानं दोनदा वाचलं, मग लिहिलं, "पांढऱ्या पाळण्यात. आता मावत नाही ती."