शलाकाची पट्टी

"दुसऱ्या अंकात शलाकाच्या हाताला पट्टी कशाला?" ज्या मारामारीच्या व्हिडिओ गेमवर हे कॉमिक बेतलं होतं, तो बनवणाऱ्या शेवड्यांनी पानावर बोट ठेवलं. "आमच्या गेममध्ये पुढची फेरी सुरू झाली की सगळे ठणठणीत असतात. काढा ती."

"नाही काढणार," चित्रकार ऋजुता म्हणाली. "तुमच्याकडे बटण दाबलं की जखम जाते. पहिल्या अंकात लागलेलं माझा वाचक विसरत नाही. आधी पुढचं पान बघा."

पुढच्या पानावर शलाका एकटीच बसून दातांनी पट्टी आवळत होती. शेवड्यांनी पान जवळ ओढलं.

"इतकी वर्षं मी हिला लढवतोय," ते हळूच म्हणाले, "पण हिला लागतं, हे आज दिसलं."

ऋजुताने तिसरा अंक पुढे सरकवला. "यात व्रण आहे. तोही निघणार नाही."