बिनआवाजाची गाडी

"अजून थोडा वर घे. हां, धर तसाच!" गाडीखाली उताणे पडलेले मास्तर ओरडले.

शेजारी आडव्या झालेल्या मिस्त्रीने दोन्ही हातांनी सायलेन्सर वर रेटून धरला. त्याचं टांगणीचं रबर कधीच तुटलं होतं आणि जोडावरचा क्लॅम्प गंजून ढिला पडला होता. एवढ्याशा या जुन्या गाडीचे भाग आता बाजारात औषधालाही मिळत नव्हते. मिस्त्रीने टायरची पट्टी कापून नवी टांगणी केली होती आणि दुसऱ्याच कुठल्या गाडीचा क्लॅम्प ठोकून ठोकून मापात आणला होता. खरं तर काम त्याचं. पण मास्तरांना बाकावर बसवेना. गाडी त्यांच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली.

"गल्लीत कुणी तक्रार केली का, मास्तर?"

"शेजारणीचं तान्हं दचकून उठतं रे. सगळी गल्ली म्हणते, तो धडधडाट बंद करा. एक आमच्या हिलाच तो गोड लागतो. म्हणते, अहो, असू द्या की, कुठे बिघडलंय!"

"काकू कशा आहेत आता?"

"मजेत! उजवा हात तेवढा रुसलाय, तोंड पहिल्यासारखंच चालतं." नटावर पाना अडकवत मास्तर हसले. "झटका तिला आला, पण रडलो मी. ती बघावं तेव्हा खुर्चीत बसून हसतेय. मोठ्या काळजाची बाई."

नट करकरला, आणखी अर्धा आटा फिरला आणि घट्ट बसला. मास्तर बाहेर सरपटले, गाडी सुरू केली आणि कान देऊन ऐकत राहिले. इंजिन नुसतं स्वतःशी पुटपुटत होतं. मास्तरांची छाती फुगली. हिला आज चकितच करायचं!

गल्लीत शिरले तरी कुणी मान वर केली नाही. त्यांनी फाटकाशी गाडी लावली, पाय न वाजवता दार उघडलं.

खुर्ची रिकामी होती.

ती आतल्या खोलीत कपाटाला टेकून, आरशासमोर उभी होती. गाऊनचं गळ्याशी असलेलं बटण लावायचं चाललं होतं. उजव्या हाताची बोटं बटणापर्यंत जायची आणि घसरायची. पुन्हा जायची, पुन्हा घसरायची. शेवटी तिने डाव्या हाताने त्या हातावर चापट मारली. मग दुसरी, जोरात.

"ऊठ की रे मेल्या! एवढंसं काम होईना तुला?"

गाल ओले होते. मध्येच थांबून तिने खिडकीकडे कान दिला आणि बाहेर सामसूम आहे असं पाहून पुन्हा बटणाला भिडली.

मास्तर पुढे व्हायला गेले आणि उंबऱ्याशीच थिजले. कोपऱ्यावरून धडधडाट ऐकू आला की डोळे पुसून खुर्ची गाठायला हिला जेमतेम वेळ मिळत असेल. तेवढाच तर मागत होती ती.

ते आल्या पावली मागे फिरले. दार हलकेच ओढून घेतलं. गाडीत जाऊन बसले आणि जोरात हॉर्न वाजवला. शेजारचं बाळ रडायला लागलं. मास्तर स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. बऱ्याच वेळाने उठले, फाटक उगाच दणकन आपटलं आणि खाकरत खाकरत आत गेले.

ती खुर्चीत होती. तोंड धुतलेलं, हसरं. उजवा हात शालीखाली.

"झाली गाडी? अजिबात आवाज आला नाही हो."

"नाही ना? झकास काम केलंय. पण मी आता कोपऱ्यावर हॉर्न देत जाईन."

"तो कशाला?"

"मांजरं आडवी येतात."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. हसू हळूहळू उतरलं. मग तिने डाव्या हाताने उजवा हात शालीबाहेर काढला, मांडीवर ठेवला आणि हनुवटी वर केली.

"हे बटण लावा हो जरा. मघापासून छळतंय मेलं."

"अगं, हात काळे आहेत माझे."

"असू देत."