दारातला हाऊसफुल्ल

बाळांनो, डोळे मिटा आणि समजा, तुम्ही नाटकातला वाघ झाला आहात. अंगावर पट्टे आहेत, मागे कापसाची शेपटी आहे आणि पडद्याच्या फटीतून दिसतंय काय, तर सगळं नाट्यगृह रिकामं!

मृणालला तसंच दिसलं. तिच्या पहिल्यावहिल्या नाटकाला चिटपाखरूही फिरकलं नव्हतं.

"हीच का तुमची प्रसिद्धी?" नाटक बसवणाऱ्या बाई संस्थेच्या प्रसिद्धीप्रमुखांवर कडाडल्या. "रिकाम्या खुर्च्यांपुढे माझी मुलं नाचणार नाहीत. प्रयोग रद्द!"

"माझ्यावर खेकसू नका! सकाळीच दारात हाऊसफुल्लचा फलक लावून पेपरवाल्यांना फोटो दिलेत."

"आणि नंतर तो उतरवला का?"

"मी काय हमाल आहे?"

मृणाल खिडकीकडे धावली. तिच्या वर्गातली पोरं आयांचा हात धरून फलकापर्यंत येत होती आणि हिरमुसून माघारी वळत होती.

"काका, तो फलक काढा ना!"

"गप गं, शेपटे!" प्रसिद्धीप्रमुख तिच्यावरच उसळले. "आता काढला, तर पेपरवाले म्हणतील आम्ही थापा मारल्या. संस्थेची अब्रू जाईल. खबरदार हात लावलास तर!"

मग मृणालने काय केलं? शेपटी बगलेत मारून ती थेट दारात गेली. तिने फलक ओढून उपडा पाडला, त्यावर चढून बसली आणि परत निघालेल्या सगळ्यांवर डरकाळी फोडली, "आत या! वाघाला भूक लागलीय!"